येळवशीच्या कोपीत जागतिक भांडवल

उदगीर, १ जानेवारी २०१६
संकल्प: जागतिक भांडवल सर्व संस्कृतींना एकाच साच्यात ओतते, हे यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या पूजेला, शेतात सोदाहरण सिद्ध करणे. उदाहरण घरचेच आहे. चिरंजीव मल्लिकार्जुन, पुण्यातील अमेरिकन कंपनीत नोकर. उदगीर जिल्हा होणार, या वावडीवर त्याला आपले शेत प्लॉटिंगला द्यायचे आहे. सातबारा माझ्या नावे आहे. सही करणार नाही. अमावास्येला कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच पांडवांचे दगड मांडून, सहकुटुंब जेवून, तो एकदा ताकातली ज्वारीची आंबील प्याला की प्लॉटिंगचे नाव काढणार नाही.

४ जानेवारी
ज्वारी उगवलीच नाही. शेजारच्या चंद्रप्पांकडे कडबा मागितला. ते म्हणाले, कडबा असता तर म्हशी विकल्या असत्या का गुरुजी? युक्तिवाद भौतिकवादी होता. कोप शेडनेटची करावी, आशय महत्त्वाचा. शेडनेट चिनी निघाले. चीन तूर्त क्षम्य.

७ जानेवारी
व्याख्यान सिद्ध. सौ. शांतम्मांना पूर्वार्ध ऐकवला. त्या म्हणाल्या, "तुमचा मार्क्स बसंल की कोपीत. आंबिलीला पाणी कोण आणंल?" आर्थिक पाया त्यांना नकळत उमगला आहे. टँकरवाल्याला फोन केला. येळवस झाल्यावर बघू, म्हणाला.

९ जानेवारी, सकाळी
मल्लू आला. नांदेड रस्त्यावरील रिसॉर्टमध्ये 'येळवस फेस्टिवल' आहे, तिकिटे काढली आहेत, म्हणाला. मी ठाम नकार दिला. शांतम्मा गाडीत जाऊन बसल्या. शत्रूचे निरीक्षण आवश्यक असल्याने मीही बसलो.

सायंकाळी
रिसॉर्टची कोप खऱ्या कडब्याची. पांडव सिमेंटचे. भज्जी, म्हणजे येळवशीची मिश्र भाजी, उत्तम होती, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. माझे धोतर पाहून मॅनेजरने मला फेटा बांधला आणि कोपीच्या दारात बसवले. पुण्याची मंडळी फोटोसाठी रांगेत उभी राहिली. श्रोते आयतेच लाभले, म्हणून व्याख्यान आरंभले. डीजेही आरंभला. फोटोसाठी माझ्या हाती विळा देण्यात आला. चळवळीच्या दृष्टीने निम्मे यश.

परतताना मल्लूने आपल्या शेतापाशी गाडी थांबवली. जमीन भेगाळलेली, विहीर कोरडी. कोपीचे शेडनेट वाऱ्याने बाभळीवर नेऊन टाकले होते. तो हळू म्हणाला, "अप्पा, इथं आता कुणाला जेवू घालणार तुम्ही?"

मी व्याख्यानाचे कागद खिशात घातले आणि त्याने पुढे केलेले प्लॉटिंगचे कागद घेतले. सही केली. माघार डावपेचात्मक आहे.

पुढील येळवशीचे बुकिंग मल्लूने रिसॉर्टमध्येच करून ठेवले होते. त्याचे आणि शांतम्मांचे, दोघांचेच. मला तिकीट पडणार नाही. मॅनेजर म्हणाला, गुरुजी कोपीतच बसतील.