कावळा कोणाच्या शब्दावर आला

माय,

आज तुझ्या सुनेनं लाखोरीच्या डाळीचे वडे केले आणि पहिल्याच घासाला माझं डोकं फिरलं. बिघडले असते तर काही म्हणणं नव्हतं. बिघडले नव्हते, तोच राग आहे. हुबेहूब तुझे वडे. तसाच ठेचलेला लसूण, तशीच जाडसर डाळ, कडा तशाच जरा जास्त तळलेल्या. मी तुझ्या पोटचा, आणि मला साधा कांदा धड चिरता येत नाही. ही लाखनीच्या हायवेवरच्या दुकानदाराची मुलगी, आणि हिच्या हातात तू जशीच्या तशी उतरून बसलीस. "कसे झाले?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "मीठ जास्त झालं." मीठ बरोबर होतं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, भंडाऱ्याच्या कॉलेजात पोरांना तत्त्वज्ञान शिकवतो, आणि घरी येऊन वड्यांवरून जळतो. हे बोलायला दुसरं कोणी नाही म्हणून तुलाच लिहायला बसलो.

सुरुवात तूच केलीस. जिल्हा तुटला त्या वर्षी तू मला नागपूरच्या वसतिगृहात टाकलंस आणि साऱ्या एकोडी गावात सांगत फिरलीस, "गोंदियाबी वेगळा झाला, माहा पोरगाबी वेगळा झाला." हसत सांगायचीस, पण ते तू खरंच करून दाखवलंस. मी सुट्टीत यायचो तेव्हा तुझं बोलणं जपून, परक्याशी बोलावं तसं. मग संस्कृत झालं, तत्त्वज्ञान झालं, आणि जर्मनीची शिष्यवृत्ती मिळाली. देव म्हणजे काय, वेगवेगळ्या धर्मांनी त्याला कसा ओळखला, याचा अभ्यास. गावानं विचारलं, "म्हणजे कीर्तनकार होते का पोरगा?" तू म्हणालीस, "काय मालूम बापा, देवाची डाक्टरी हाय म्हणते." त्याच उन्हाळ्यात लग्न झालं आणि महिन्याभरात मी एकटाच विमानात बसलो, कारण तिचे कागद अडकले होते. जाताना मोठ्या तोऱ्यात मी तिला म्हणालो होतो, माझ्या मायला सांभाळ. दीड वर्ष ती तुझ्यापाशी राहिली आणि तिनं तुला असं सांभाळलं की माझ्यासाठी जागाच उरली नाही.

पहिल्या सुट्टीत मी घरी आलो तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही दोघी चुलीपाशी बसल्या आहात. एकाच ताटात भात, वर वरण, आणि कुणाचा हात कुठला हे कळू नये अशा जेवता आहात. ती तुला 'माय' म्हणते. गावातल्या साऱ्या सुना आत्याबाई म्हणतात, आणि हिनं माझा शब्द उचलला, तूही उचलू दिलास. मी तिथंच जमिनीवर बसकण मारली, ताटाकडे हात नेला, आणि तू माझ्या हातावर चापटी मारून म्हणालीस, "तू पाहुणा आहे, तिकडं बस. पाटावर वाढतो तुले." पाटावर वाढलंस. साजूक तूप वाढलंस, पापड भाजलास. मी एकटा भिंतीकडे तोंड करून जेवलो आणि आतून तुमच्या हसण्याचा आवाज येत राहिला. इतकं चांगलं जेवण मला कधी इतकं कडू लागलं नाही.

तिचे कागद आले तेव्हा मी तिला न्यायला आलो आणि तू वरठीच्या स्टेशनावर आम्हाला सोडायला आलीस. लाखोरीच्या डाळीचं गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलंस, तिच्या कानाशी लागून पाच मिनिटं काहीतरी सांगत राहिलीस, ती मान डोलवत राहिली. माझ्या वाट्याला एक वाक्य आलं. "हिले तरास देऊ नको." गाडी सुटल्यावर मी विचारलं, काय सांगत होती माय? ती म्हणाली, "काही नाही हो, आमचं आपलं." आमचं आपलं! नागपूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

तिकडे आम्ही राहायचो ती लग्न झालेल्या विद्यार्थ्यांची इमारत होती. दोन खोल्या, तळघरात साऱ्यांचं मिळून एक कपडे धुण्याचं यंत्र, शेजारी कोरियाचा एक पाद्री आणि त्याची बायको, वर केनियाचं जोडपं. मी दीड वर्षात त्यांच्याशी नमस्कारापुढे गेलो नव्हतो. ही आली आणि महिन्याभरात कोरियाची बाई आमच्या ओट्यापाशी उभी राहून तव्यावरचे डाळीचे चिले खात होती. लोक मला 'हिचा नवरा' म्हणून ओळखायला लागले. तेही एक वेळ सोसलं असतं, पण रविवारी तुझा फोन. "जेवला?" जेवलो. "थंडी हाय?" आहे. "बरं, तिले दे." मग तास तास. कोणाच्या धानाच्या बांधीत पाणी तुंबलं, तुझ्या बकरीनं कोणाचा दुपट्टा खाल्ला, कोणाच्या पोरीचं जमलं. मी भिंतीपलीकडे हिब्रूचा कोश उघडून बसलेला, आणि एक अक्षर डोक्यात शिरत नसे.

आणि माझा विषय काय होता, तर देवाचा हेवा. बायबलातला देव म्हणतो की मी हेवा करणारा देव आहे, माझ्याशिवाय दुसऱ्याला पुजू नका. आपल्याकडचे देव रुसतात, कोपतात, पण असं उघड बोलत नाहीत. हे का, त्यावर माझा प्रबंध. एकदा फोन तिला देण्याआधी तू चुकून विचारलंस, "काय लिहून राहिला रे तू एवढा?" मी खुशीत येऊन सांगितलं, देवाला हेवा वाटतो का ते पाहतो आहे. तू म्हणालीस, "देवाले काहून वाटन? त्याले काय कमी हाय? ज्याचं पोट भरलं नाही त्याले येते हेवा." मी काही बोलणार, तोवर, "बरं, तिले दे."

तू गेलीस ती धानाच्या रोवणीच्या दिवसांत. चुलतभावाचा फोन आला, तोही तिच्या मोबाइलवर. आदल्या दिवशी तू तिच्याशी पोटभर बोलली होतीस, मी लायब्ररीत होतो. आग चुलतभावानंच दिली. आम्ही पोचलो तेव्हा घरात तुझी खाट उभी करून ठेवलेली होती. तुझ्या सुनेला पाहून बाया रडल्या, मला पाहून बाजूला सरकल्या.

दहाव्याला चुलबंदच्या काठावर मी पिंड ठेवला. नदी गढूळ, भरून चाललेली. बाभळीवर सहा-सात कावळे, एकही खाली येईना. बाया नदीवर येत नाहीत आपल्याकडे, पण ही आली होती, लांब उभी होती. काका म्हणाले, "बोल बापू, म्हातारीचा जीव कायच्यात तरी अडकला." मी हात जोडले. माय, डॉक्टरी पुरी करीन. कावळा हलला नाही. माय, तिकडे राहणार नाही, परत येईन. नाही. बांध्या विकणार नाही. नाही. मागून कोणी म्हणालं, "नातवाचं बोल," तेही बोललो. भटजींनी घड्याळ पाहून दर्भाचा कावळा करायची तयारी चालवली. माय, मी माझ्या टिपणांत लिहिलं होतं की हे सगळं जिवंत माणसांच्या समाधानासाठी असतं. पण त्या वेळी, तू उपाशी आहेस आणि तुला काय पाहिजे ते मला माहीत नाही, एवढंच डोक्यात होतं.

तेवढ्यात ही पुढे आली. पदर सावरून म्हणाली, "माय, तुमची बकरी मी कसायाले देऊ देत नाही. लाखनीले नेतो माह्या बाबाकडं." चुलतभावानं मान खाली घातली, त्याचं गिऱ्हाईक ठरलं होतं. आणि कावळा उतरला. काकांनी डोळे पुसले. "पाहा," म्हणाले, "सुनेलेच माहीत होतं." ती बकरी पुढे लाखनीला दुकानामागे सुखानं जगली. माझा प्रबंध संपत आला तेव्हा जर्मनीत आमच्या घरी फोन यायचा तो तिच्या खुरांची खबर द्यायला, आणि मी त्या बकरीवरही जळलो.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते सांगतो. ही पुढे आली तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. मी मनातल्या मनात आणखी एक बोललो होतो, की माय, मी हिचा हेवा करणं सोडतो. डोळे उघडले तर कावळा पिंडावर. सारा गाव म्हणतो बकरीच्या शब्दावर आला. तीही तेच समजते. मला कितीदा वाटलं तिला सांगावं की बाई, कदाचित तो माझ्या शब्दावर आला असेल, थोडी माय माझ्याही वाट्याला येऊ दे. पण हे सांगणं म्हणजे हेवाच झाला.

आत ताटं वाढल्याचा आवाज येतो आहे. ती हाक मारते आहे, तुझ्यासारखीच, आधी दोनदा सरळ आणि मग चिडून. हा कागद तिला दाखवणार नाही. बकरीच्या शब्दावर आली असशील तर तुझं काम झालं, तिनं शब्द पाळला. माझ्या शब्दावर आली असशील, तर माय, तू फसलीस.