दोन घोड्या आणि एक पुटपुट

सान मार्कोस, बुधवार

तीर्थस्वरूप देल्फिना वन्सं यांना नेरेइदाचा नमस्कार.

आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी करते, कारण या घराण्यात काय होणार आणि काय नाही हे हल्ली तेच ठरवतात. डावा बरा आहे ना? एवेलियो गेल्यावरच्या नऊ दिवसांच्या जपमाळेनंतर उजव्याने तुम्हाला आमच्या पायऱ्या पुन्हा चढू दिल्या नाहीत, हे मी समजून आहे. (तुमच्या नातीच्या, योर्लेनीच्या कॉफीच्या दुकानाच्या उद्‌घाटनाला त्याने तुम्हाला नाचू दिलं, असं फोटोत दिसलं. गुडघ्यांचं काही सांगता येत नाही.) इकडे सगळं ठीक आहे. ढग दुपारी वेळेवर खाली उतरतात, कोंबड्या अंडी घालतात, मी जेवते आणि वाचते, कधी कधी उलट क्रमाने.

पत्रास कारण कॉफी गाळायची घोडी. मामंजींनी कॉफीच्याच जुन्या खोडातून कोरलेली, वर फडक्याची पिशवी अडकवायचं कडं, खाली कप ठेवायची फळी, आणि एक पाय आखूड. मामंजींच्या हातची वस्तू मुलीकडे जावी, असं तुम्ही लिहिलंत. योर्लेनी ती दुकानातल्या भिंतीवर टांगणार आहे आणि वर छोटा दिवा लावणार आहे. (मामंजींच्या फोटोवर आजपर्यंत कुणी दिवा लावलेला नाही, पण ते असो.) तुमचा हक्क आहे, मी नाही म्हणत नाही. उद्याच्या बसने पोतं येतंय, ड्रायव्हरला सांगून ठेवलं आहे, उतरवून घ्या. इथेच सही करून पत्र संपवायला हवं होतं. पण सुतार तोब्यासची बहीण तुमच्याच गल्लीत राहते, आणि तोब्यासच्या पोटात बोलणं राहत नाही. तिखटमीठ लावून ते तुमच्यापर्यंत पोचण्याआधी मीच बिनतिखटाचं सांगते.

या महिन्याच्या शेवटी एवेलियोची वर्षाची जपमाळ आहे. सगळा गाव येईल, तामाल खाईल आणि कॉफी पिईल. त्या दिवशी लोकांच्या हातात एवेलियोची कॉफी असावी, एवढीच माझी इच्छा आहे. भाषण नको, फुलं नकोत, फक्त ती कॉफी. आणि नेमकी तेव्हाच तुमची घोडीची मागणी आली. तुम्हाला थोडं थांबा म्हणता आलं असतं. पण तुम्हाला थांबा म्हणण्यापेक्षा लबाडी करणं सोपं, हे तुम्हीही मान्य कराल. म्हणून मी ठरवलं की घोडीची हुबेहूब नक्कल करून घ्यायची, तुम्हाला नक्कल पाठवायची आणि खरी ठेवून घ्यायची.

तुम्हाला ठाऊक आहे, मी शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती कॉफीच्या पोत्यांवरची, आणि नंतर वाचनालयाच्या गाडीतून येणाऱ्या खुनाच्या कादंबऱ्यांवर हात बसला. (तुमचा भाऊ म्हणायचा, जी बाई एवढे विषप्रयोग वाचते तिच्या घरात आपली कॉफी आपणच केलेली बरी. मी एवढी वर्षं त्याला ती करू दिली. हा त्याला विनोद वाटायचा, मला सोय.) त्या पुस्तकांतून नकली चित्रं, नकली मृत्युपत्रं, नकली पुतणे यांच्याबद्दल मला बरंच कळलेलं होतं. लाकडाच्या चार काटक्या म्हणजे काय मोठंसं, असं वाटलं.

तोब्यासला बोलावून सांगितलं, तंतोतंत हवी. भाजल्याचा डाग, कड्याचा टवका, आखूड पाय, सगळं. त्याने खरी घोडी मापाला नेली आणि शनिवारी दोन्ही आणून टेबलावर ठेवल्या, तोंडावर बाळंतपण सुखरूप केलेल्या सुईणीसारखं समाधान. नक्कल सुरेख लंगडत होती. खरी मात्र चारही पायांवर ताठ उभी. मी विचारलं, हिला काय झालं? तर म्हणतो, एवेलियो माझा दोस्त होता, त्याची घोडी जन्मभर लंगडी राहिली ते माझ्या मनाला लागत होतं, म्हणून पायाला तुकडा जोडला, त्याचे पैसे घेणार नाही. मी तो तुकडा त्याच्यासमोर करवतीने उडवला. तो रडवेला झाला. त्याला दोन अंडी दिली तेव्हा कुठे गेला.

आता दोन्ही लंगड्या होत्या, पण एक काळी आणि एक नवरीसारखी गोरी. गोरीला मी कॉफीच्या चोथ्याने चोळलं, चरबी लावली, पुन्हा चोथ्याने चोळलं. मग चुलीच्या धुरावर दोन्ही शेजारी टांगल्या, म्हणजे वास सारखा लागेल. (हे मात्र पुस्तकातलं नाही, माझं स्वतःचं.) खरी खिडकीच्या बाजूला, खोटी भिंतीच्या बाजूला, एवढं डोक्यात पक्कं ठेवलं होतं. रविवारी मी मिस्साला गेले आणि शेजारची पेत्रोनीला अंडी न्यायला आली. पेत्रोनीलाला तुम्ही ओळखता. रिकाम्या घरात शिरली की तिचा हात आधी फडक्याकडे जातो. तिने दोन्ही घोड्या खाली उतरवल्या, छान पुसल्या आणि फळीवर मांडून ठेवल्या. कोणती कुठे होती विचारलं, तर म्हणाली, अगं, दोन्ही त्याच तर आहेत.

मी उजेडात नेऊन पाहिल्या, हुंगल्या, डोळे मिटून हात फिरवला. रोज सकाळी जी वस्तू डोळ्यांसमोर होती ती मला ओळखू येईना. पुस्तकांतले लबाड लोक कधी एवढे बावळट नसतात. तोब्यासलाही बोलावलं. त्याने बराच वेळ चष्मा लावला आणि काढला, आणि म्हणाला, माझं काम इतकं चांगलं झालंय की मलाच सांगता येत नाही. हे तो अभिमानाने म्हणाला.

मग मला वाटलं, चव तर खोटं बोलणार नाही. सोमवारी तीनच्या कॉफीला दोघांना बसवलं. जुनीच पिशवी, तीच पूड, तीच किटली, आधी एका घोडीवर आणि मग दुसरीवर. पेत्रोनीलाने पहिला कप प्यायला, दुसरा प्यायला, ओठ पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नेरेइदा, रागावू नकोस. हे दोन्ही कप एकसारखेच आहेत आणि दोन्ही वाईट आहेत. एवेलियो गेल्यापासून या घरात कॉफी झालेलीच नाही."

"पाणी चांगलं तापतं पण," तोब्यास म्हणाला.

वर्षभर रोज तीन वाजता ती दोघं येतात, कप रिकामा करतात, वा म्हणतात, कधी दुसराही मागतात. मी विचारलं, मग पीत का होतात? पेत्रोनीला म्हणाली, "कॉफीसाठी कोण येतं, बाई?" आणि टोपलीतली पोळी उचलून त्यावर चीज ठेवून खाऊ लागली.

दोघं गेल्यावर मी दोन्ही घोड्यांसमोर बसले. फरक घोडीत नव्हता हे तर दिसतच होतं. पिशवीतही नव्हता, ती त्याचीच आहे, साबण तिला कधी लागला नाही. पूड त्याच पोत्यातली. तेव्हा एवेलियो काय करायचा ते पहिल्यापासून आठवलं. पाण्याला उकळी आली की किटली उतरवायचा. पूड भिजेल एवढंच पाणी घालायचा आणि थांबायचा. पूड फुगून वर यायची, आणि तेवढ्या वेळात तुमचा भाऊ ओठ हलवत काहीतरी पुटपुटायचा. पुटपुट संपली की हळूहळू गोल गोल धार सोडायचा, आधी नाही आणि नंतरही नाही. मी एकदा विचारलं होतं, काय पुटपुटतोस. म्हणाला, पाण्याशी बोलतोय, तुझ्याशी नाही. मी पुन्हा विचारलं नाही. काही लोक प्रार्थनेला लाजतात, त्यातलाच हा, असं मी धरून चालले.

आणि गेलं वर्षभर मी त्या थांबण्याच्या जागी थांबतच नव्हते. फुगलेल्या पुडीकडे बघत नुसतं उभं राहायला जीव होत नाही, म्हणून सगळं पाणी एकदम ओतून मोकळी होत होते.

मागच्या आठवड्यातल्या मंगळवारपासून थांबायला लागले आहे. ‘नमो मरिया’ म्हणून पाहिलं, कॉफी आंबट आणि पातळ. श्रद्धेची मोठी प्रार्थना म्हटली, ती संपेपर्यंत पाणी निवलं आणि कॉफीला पोत्याची चव आली. ‘आमच्या बापा’ बरीचशी जवळ आली होती, पण ‘रोजची भाकर’ म्हणताना कोंबडी आत शिरली आणि भाकर तिथेच राहिली. योर्लेनीने मागे फोनवर सांगितलं होतं तसं घड्याळ लावूनही करून पाहिली. घड्याळाने कॉफी चांगली होते, हे कबूल करते. (तिला सांगू नका.) पण ती कुणाचीही होते. त्याची होत नाही. पेत्रोनीलाचं म्हणणं आहे की त्या प्रार्थना नसणारच, इतक्या वर्षांच्या संसारात नवरा सकाळी सकाळी ओठांतल्या ओठांत काय म्हणेल ते प्रत्येक बायकोला ठाऊक असतं.

असो. लबाडी फसली, ती माझीच मला बाधली, आणि हे सगळं तुम्हाला सांगून माझं मन मोकळं झालं. घोडी योर्लेनीच्या भिंतीवर शोभेल. दिवा फार प्रखर लावू नका म्हणावं, लाकूड तडकतं. सगळ्यांना आशीर्वाद, गुडघ्यांना शेक.

तुमची भावजय,
नेरेइदा

ता. क. पोतं उतरवून घ्या, पण त्यात घोडी नाही, चीज आहे. पत्राच्या सुरुवातीला मी खोटं लिहिलं, आणि खाडाखोड केलेलं पत्र तुम्हाला आवडत नाही म्हणून तसंच राहू दिलं. दोन्ही घोड्या माझ्या ओट्यावर आहेत. मामंजींची कोणती ते त्यांची मुलगीच सांगू शकेल. वर्षाच्या जपमाळेला या, ओळखा आणि घेऊन जा. नाही ओळखता आली तर दोन्ही न्या, मला त्यांचा आता काही उपयोग नाही. पायऱ्यांना तोब्यासकडून कठडा लावून घेतला आहे. सरळ लावलाय, त्याच्या आवडीने.

ता. क. आणखी एक. नऊ दिवसांच्या जपमाळेत शेवटच्या दिवशी कॉफी तुम्ही केली होती, आठवतं? मी तामालची थाळी घेऊन दारात उभी होते. पूड फुगत होती आणि तुमचे ओठ हलत होते. ती कॉफी मी एक घोट प्यायले आणि कोंबड्यांना दाणे टाकायचं निमित्त करून बाहेर गेले. कोंबड्यांना दाणे सकाळीच टाकलेले होते. तेव्हा ‘मला माहीत नाही’ म्हणू नका, वन्सं. सासूबाईंनी तुम्हा दोघांना लहानपणी काहीतरी शिकवलं आहे, आणि ते आता तुमच्या एकटीजवळ उरलं आहे. पत्रात लिहून पाठवू नका. वाचायला मी शिकले, पण ते किती सावकाश म्हणायचं हे कागदावर कळणार नाही. माझ्या चुलीपाशी उभं राहून म्हणा.

ता. क. पेत्रोनीलाचं खरं निघालं आणि त्या मला दिलेल्या शिव्या असल्या, तरी जशाच्या तशा शिकवा. या घरात वर्षभर मला कुणी शिव्या दिलेल्या नाहीत.