दिवाळीपर्यंत एक कोपरा

करी रोड, मुंबई
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय गंगूमावशी,

पाया पडते. गुडघा कसा आहे? तेल वैनी लावून देते की तूच वाकून लावत बसतेस? वसंतदादा मागे म्हणाला की आई आता विहिरीपर्यंत जाऊन येते. जात जा, पण काठी घेऊन जा. मुंबईत काठीची लाज वाटायची तुला, गावात कसली लाज!

इकडे थंडी आली आणि चार दिवसांत गेलीसुद्धा. आई डिसेंबरमध्ये हॉस्पिटलातून रिटायर झाली. निरोप समारंभाची शाल, नारळ सगळं घेऊन घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने डबा भरून बसली. आता दुपारी गॅलरीत खुर्ची टाकते. तुझ्या दाराकडे तोंड करून नाही बसत, उलट्या बाजूला बसते. मी विचारलं तर म्हणाली, ऊन लागतं. तिथे ऊन कुठे येतं, तुला माहीतच आहे.

बिल्डरची माणसं पुन्हा येऊन खोल्या मोजून गेली. दरवर्षीचंच ते. तुझ्या खोलीत दादाने ठेवलेला भाडेकरू बरा आहे, बँकेत आहे, आवाज नाही काही नाही. फक्त गॅलरीत त्याने दोरी बांधून शर्ट वाळत घातलेले असतात. तिथे तुमचे टोपल्यांचे देठ वाळायचे. मी अजून तिथून जाताना वाकते, डोक्याला लागू नये म्हणून.

टोपल्या बंद झाल्यापासून प्रिती लालबागच्या मसाल्याच्या दुकानात पॅकिंगला जाते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा अंगाला मिरचीचा वास येतो म्हणते. अपेक्षाकाकीने दोन घरी स्वयंपाकाची कामं धरली. दोघी तुझी आठवण काढतात. गिरगावातली नॅन्सीही काढते, पण माझ्याशी जरा तुटकच बोलते. त्याचं कारण पुढे लिहिते.

फोनवर तू "बरां असा" म्हणतेस आणि फोन वैनीच्या हातात देतेस. म्हणून हे पत्र. हातात आलेलं पत्र तू अर्धवट टाकत नाहीस.

मागच्या आठवड्यात मी काळवी नदीवर गेले होते. कामासाठी नाही, सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र आता महापालिकेची माणसं चालवतात, आमच्या कंपनीचं काम संपलं. उगीचच गेले. मावशी, नदीचं पाणी दिसतं आता. या काठापासून त्या काठापर्यंत. तू एकदा काठावरच्या लवूच्या टेम्पोतून माल बघायला आली होतीस तेव्हा म्हणाली होतीस, "न्हंय खंय असा? ह्या तर शेत." ते जलपर्णीचं शेत गेलं. लवू पुन्हा होडी घालतो. पाण्याखाली हवा पोचत नव्हती म्हणून दर उन्हाळ्यात मासे उलटे होऊन वर यायचे, गेल्या उन्हाळ्यात आले नाहीत. डासही कमी झालेत. त्याच्या बायकोला दोन पावसाळे लागोपाठ डेंग्यू झाला होता, आठवतंय ना? त्याने मला कोळंबी दिली, पैसे घेईना. मग विचारलं, "गंगूमावशी कशा आहेत?"

मी म्हटलं, बऱ्या आहेत.

ती कोळंबी आईने केली. मी जेवले नाही, पोट बरं नाही म्हटलं.

हे सगळं माझ्याच हाताने सुरू झालं, हे मी कितीदा स्वतःशी म्हणते. मी नवीन नोकरीला लागले होते. पहिल्याच साइटवरून जलपर्णीचे चार देठ पिशवीत घालून आणले, आईला दाखवायला. आई ड्युटीवर होती, म्हणून तुझ्याकडे आले, जशी शाळेतून यायचे. तू म्हणालीस, "ह्यो काय कचरो घेऊन इलंस?" आणि दोन दिवसांनी तो कचरा वाळल्यावर तुझ्या बोटांत वळत होता. बोलता बोलता तू एक वेटोळं केलंस, त्यावर चहाचा कप ठेवलास. तुझा चेहरा तेव्हा कसा झाला होता! काका गेल्यानंतर तसा मी बघितलाच नव्हता.

मग लवू, मग त्याचा टेम्पो, मग गॅलरीभर बायका, नॅन्सीने आतून शिवून दिलेलं कापड, दादरच्या दुकानातल्या टोपल्या. वसंतदादा दर मे महिन्यात तुला न्यायला यायचा, "आता इथे काय आहे तुझं?" म्हणायचा. तू टोपली विणता विणताच सांगायचीस, "काम असा माका." तो एकटाच परत जायचा.

आणि मग केंद्र सुधारण्याचं काम आमच्या कंपनीला मिळालं, माझ्याकडे आलं. मी तुझ्यापासून लपवलं नव्हतं, एवढं तरी तू मानशील. त्याच संध्याकाळी येऊन बसले तुझ्यासमोर. तुला समजावून सांगितलं की जुनं केंद्र घाण काढतं, पण फॉस्फरस तसाच नदीत सोडतं. फॉस्फरस म्हणजे खताच्या पोत्यावर लिहिलेलं असतं ते स्फुरद. आपल्या संडासातून जातं, कपड्यांच्या साबणातून जातं, आणि त्या खतावर ती जलपर्णी माजते. आता नव्या टाक्या बांधायच्या. जीवाणूंना आधी बिनहवेच्या टाकीत ठेवायचं, मग हवा द्यायची, की ते अधाशासारखे स्फुरद पोटात घेतात आणि गाळाबरोबर खाली बसतात. उरलेलं तुरटीसारख्या क्षाराने खाली बसवायचं.

तू हसलीस. "म्हणजे उपाशी ठेवन मगे जेवक वाढूचा." आणि लगेच हसू थांबलं. "मगे पालो कमी होतलो?"

"हो."

"किती?"

"जवळजवळ सगळाच, मावशी."

तू हातातला देठ पुरा वळलास. मग म्हणालीस, "तर कर. टोपल्यांसाठी कोण नदी कुसवता गो?"

मी त्या वाक्यावर दोन वर्षं काढली. मीटिंगमध्ये कोणी म्हणालं की एवढ्या खर्चाची काय गरज आहे, फॉस्फरस डोळ्यांना दिसतो का, तर मला तुझा आवाज ऐकू यायचा आणि मी भांडायचे. मी तुला म्हटलं होतं, दुसरा माल शोधून देते. शोधला गं. केळीच्या खोडाचा धागा आणला, तो तुम्हाला कडक पडला. दुसऱ्या एका नदीवरची जलपर्णी आणली, तिला असा वास की अपेक्षाकाकीला मळमळलं. मग कामाचा रेटा वाढला आणि मी शोधायची थांबले. तू एकदाही आठवण करून दिली नाहीस.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते. तीन पानं इकडचंतिकडचं लिहून झालं, आता टाळता येत नाही.

गणपती विसर्जन होऊन गेलं होतं. टाक्या बांधून झाल्या होत्या, आणि केंद्रातलं पाणी सोडण्याआधी नदीत साठलेला जलपर्णीचा सगळा थर यंत्राने काढायचा होता. लवूने तुला कळवलं असणार. दादरच्या दुकानाची दिवाळीची मोठी ऑर्डर तुमच्या अंगावर होती, आजवरची सगळ्यात मोठी. तू परळला माझ्या ऑफिसात आलीस. ठेवणीतली जांभळी साडी, गळ्यात गेटवरच्या वॉचमनने अडकवलेला व्हिजिटरचा पास. माझ्या टेबलाशी महापालिकेचे इंजिनिअर बसले होते, माझे साहेब बसले होते. तू कोणाकडे बघितलं नाहीस. उभ्या उभ्याच म्हणालीस, "अनू, दिवाळीपर्यंत एक कोपरो ठेव. लवूच्या घरामागचो. माझो एवढो शब्द राख."

आजवर तू माझ्याकडे काही मागितलं नव्हतंस. आई रात्रपाळीला असायची तेव्हा तू जेवायला घातलंस, शाळेच्या सभेला आई म्हणून तू गेलीस. कधी काही मागितलं नाहीस.

आणि मी म्हणाले, "तसं नाही करता येणार. एक कोपरा राहिला तरी जलपर्णी महिन्याभरात परत पसरते. तुम्ही घरी जा, आपण नंतर बोलू."

तुम्ही.

मला ते तोंडातून बाहेर पडताना कळलं. का म्हणाले? साहेब बसले होते म्हणून. त्या माणसांना वाटू नये की साइटच्या मालावर माझ्या घरच्यांचा धंदा चालतो म्हणून. कारण सांगता येतं, पण ते तुझ्यासमोर धरवत नाही.

तू म्हणालीस, "बरं. निघते मी." माझ्याशी तू पहिल्यांदाच अशा पुस्तकी मराठीत बोललीस. आणि गेलीस. मी खुर्चीतच बसून राहिले. साहेबांनी विचारलं, कोण होत्या? मी म्हटलं, शेजारच्या.

हे तुला ठाऊक आहे. शेवटचं, साहेबांचं, नव्हतं ठाऊक. पण त्याहून मोठी एक गोष्ट आहे जी तुला अजिबात माहीत नाही, आणि ती न सांगता मी तुझ्या गावी येऊन तुझ्या हातचं जेवू शकणार नाही.

यंत्र लागलं तेव्हा मी तिथे होते. मला वाटलं होतं ते जलपर्णी चिरडून काढेल. तसं नव्हतं. ते नुसतं उचलत होतं, पट्ट्यावरून वर घेत होतं आणि काठावर टाकत होतं. लांब लांब देठ, मावशी, तुला हवे असायचे तसे, हाताएवढे. घराएवढा ढीग झाला. मग दुसरा झाला. ट्रॅक्टर यायचे आणि भरून डंपिंगला न्यायचे. दहा-बारा दिवस हेच चाललं होतं. मी टोपी घालून, फाइल धरून त्या ढिगाशेजारी उभी होते, आणि माझ्या मनात एकच होतं की कोपरा ठेवायला मी नाही म्हटलं ते बरोबरच होतं. तुझ्या दिवाळीचा माल, पुढच्या दिवाळीचाही, माझ्या बुटांशी पडला होता. फक्त लवूला सांगायचं होतं, टेम्पो आण. ठेकेदाराने उलट आभार मानले असते, त्याचा एक ट्रॅक्टर वाचला असता.

मला सुचलंच नाही. तू कोपरा मागितलास आणि मी कोपरा नाकारला. तुला कोपरा नको होता, देठ हवे होते, एवढं मला कळू नये?

दिवाळीनंतर नॅन्सीला बोलता बोलता मी सांगितलं, केवढे ढीग निघाले म्हणून. ती मशीनवर होती. तिने सुई थांबवली. "तो ढीग मागायचा ना गं, अनुजा! एक फोन लागला असता."

मी म्हटलं, "तेव्हा डोक्यात आलं नाही."

"गंगूबाई तुझ्या डोक्यातच नव्हत्या तेव्हा," ती म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली. तेव्हापासून ती तुटक बोलते. तिने हे तुला सांगितलं नाही. मला म्हणाली, ते तू सांग.

तोवर ऑर्डर गेली होती, दुकानाने कुठून तरी प्लास्टिकच्या टोपल्या घेतल्या होत्या. त्या जानेवारीत वसंतदादा आला आणि म्हणाला, "आता इथे काय आहे तुझं?" आणि या वेळी तू ट्रंक खाली काढलीस. मी दारात उभी होते. तू ट्रंक भरत होतीस. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तुझ्या पाया पडले आणि म्हणाले, पोचल्यावर फोन कर. तू दादाला करायला लावलास.

मावशी, मी या पत्रात काय मागते आहे ते मलाही नीट माहीत नाही. परत ये म्हणणार नाही. इथे तुझ्यासाठी काम नाही, आणि कामाशिवाय तू या चाळीत बसून राहणारी नाहीस. आईसारखी खुर्ची टाकून तर नाहीच.

मला वाईट वाटतं, रोज वाटतं. पण मी केंद्र बांधलं याचं वाटत नाही, आणि हे तुझ्यापासून लपवून माफी मागितली तर ती खोटी होईल. लवूची होडी बघितलीस तर तूही हेच म्हणशील. कदाचित नाही म्हणणार. ते तू ठरव.

तो दिवस पुन्हा आला आणि तू माझ्या टेबलाशी उभी राहून कोपरा मागितलास, तर मी तुला नाहीच म्हणेन. पण आधी उठेन. साहेबांना सांगेन, ही माझी गंगूमावशी, हिने मला वाढवलं. तुझ्या गळ्यातला तो पास काढेन, तुझ्याबरोबर खाली रस्त्यावर येईन, आणि विचारेन की मावशी, तुला नेमकं काय हवंय?

एवढं विचारलं असतं, तर पुरलं असतं.

तुझी,
अजून नजर वर न करता आलेली,
अनू