पंप खाली ठेवलेली माणसं

१२ ऑगस्ट, धुळे
आकडे आले — आणि चक्क उलटे! कपाशीवर फवारणी करणाऱ्या मजुरांत दम लागणं कमी, न करणाऱ्यांत जास्त. शिंदखेड्याकडची तीन गावं, एकशे वीस माणसं, सगळी मी स्वतः तपासलेली. मोहिनी मॅडम, माझ्या गाइड, म्हणाल्या, "कामिनी, प्रबंध गाजणार तुझा." मी हवेत!

१४ ऑगस्ट
गावात जाऊन सांगून आले. पारावर वीसेक माणसं जमली होती. "घाबरू नका, फवारणीने छातीला काही होत नाही." किती रुबाबात बोलले मी! चहा झाला, वर कुणीतरी पिशवीभर भेंडी दिली.

१९ ऑगस्ट
एक फॉर्म अपुरा होता, म्हणून शेवंताबाईंकडे गेले. त्यांचे यजमान तोताराम ओट्यावर खोकत बसलेले. एक वाक्य पुरं होईना. माझ्या यादीत 'फवारणी न करणारे'. मग यांना दम कसा, असं मी विचारलं, तर शेवंताबाई हसल्याच. "बाई, ज्याले दम लागस, तो पंप कसा उचली? ह्यास्नी मागला सालच सोडी दिना."

अरे देवा. मी विचारलं होतं — 'सध्या फवारणी करता का?' दम लागला की माणूस पंप खाली ठेवतो आणि माझ्या कागदावर 'न करणाऱ्यां'त जाऊन बसतो. तिकडे उरतात ते धडधाकटच! आणि ही चूक कशी टाळायची, हेच मी एमबीबीएसच्या वर्गाला शिकवते.

२० ऑगस्ट
लाज वाटतेय. जेवण गेलं नाही.

२७ ऑगस्ट
मॅडमना सांगितलं. वाटलं, आता झापतात. तर म्हणाल्या, "मीही तपासलं होतं ना? चूक दोघींची. मुदतवाढ मी मागते." रडूच आलं. मग 'न करणाऱ्या' साठही जणांना फोन लावले. चौतीस जण पूर्वी करायचे! त्यांना योग्य जागी टाकल्यावर चित्र पार फिरलं — फवारणी केलेल्यांत दम दुपटीहून जास्त.

५ सप्टेंबर
दुरुस्त प्रबंध दिला. सुटले बाई एकदाची!

६ सप्टेंबर
शेवंताबाईंचा फोन. जरा दम ओसरला, तर तोताराम चार दिवसांपासून परत फवारायला जातायत. "आयकतस नहीत. म्हणतस, डॉक्टरीणबाईनीच पारवर सांगं, काय व्हत नही."
प्रबंध दुरुस्त केला. गावाला सांगितलंच नाही मी.