सरोजबाईंचे जिवाणू

३ जून
मिळाली एकदाची नोकरी! सकाळी नांदेडहून निघाले आणि दुपारी नारायणगुड्यात एकनाथरावांच्या घरी जेवलेसुद्धा. सर निवृत्त प्राध्यापक, सगळं आयुष्य सूक्ष्मजीवशास्त्रात गेलेलं. वरच्या मजल्यावर त्यांची छोटी प्रयोगशाळा, शेजारीच माझी खोली, खिडकीत कडुनिंब. स्वयंपाकाच्या चतुराबाईंनी खट्टी दाल वाढली. मी तीनदा मागून घेतली. सरांचं मराठी ऐकून हसू येतं. दर वाक्याला 'हौ' नाहीतर 'नक्को'. सात पिढ्या इथं तेलुगू मुलखातच गेल्या, म्हणाले.

६ जून
काम कळलं. भिंत नसलेल्या जिवाणूंचा उगम कसा झाला, यावर सरांना ग्रंथ लिहायचाय. पूर्वी काहींना वाटायचं, हे जीव फार आदिम, पेशीला भिंत येण्याआधीचे. जनुकं वाचली तेव्हा उलटंच निघालं. यांच्या पूर्वजांना भिंत होती. मग ते दुसऱ्यांच्या शरीरात राहायला लागले, सगळं आयतं मिळत गेलं, आणि एकेक जनुक टाकता टाकता भिंतही टाकली.
"आयत्या घरात शिरल्यावर भिंत कोण बांधतंय, रेणू?" सर म्हणाले.
मी जगवायचे ते जिवाणू त्यांच्या पत्नीच्या, सरोजबाईंच्या छातीतले. नऊ वर्षांपूर्वी त्या न्यूमोनियानं गेल्या. पेनिसिलिनच्या जातीची औषधं भिंतीवरच घाव घालतात; इथं भिंतच नव्हती, आणि ते कळेपर्यंत उशीर झाला. तेव्हापासून सर दर चार दिवसांनी ते नव्या नळीत घालतात. तिचं एवढंच जिवंत उरलंय, असं नळी पुसत म्हणाले. मला भरून आलं.

१३ जून
मजेत आहे. फक्त सर मास्क लावू देत नाहीत. तिला, म्हणजे सरोजबाईंना, गुदमरतं म्हणे. म्हाताऱ्या माणसाशी काय वाद घालायचा! जरासा खोकला आहे.

१८ जून
मी चतुराबाईंना सहज म्हणाले, चतुरी, आज चिंच जास्त पडली. त्यांच्या हातातली पळी गळून पडली. त्यांना 'चतुरी' फक्त सरोजबाई म्हणायच्या. तुला कुणी सांगितलं, म्हणून विचारत राहिल्या.
कुणीच नाही सांगितलं.

२१ जून
सरांना विचारलं, हे काय होतंय मला. उत्तर देण्याऐवजी त्यांनीच विचारलं, "एक्याऐंशी साली गौलीगुड्याच्या बसस्टँडवर मी वाट बघत होतो, तेव्हा कुठली साडी नेसली होतीस?"
मी सांगितलं. मोरपंखी. काठावर चहाचा डाग.
गौलीगुड्याला मी अजून गेलेच नाही.
सर माझा हात धरून रडले. म्हणाले, या जीवांनी स्वतःचं सगळं टाकलं, म्हणून जागा झाली. ज्याच्यात राहिले त्याच्या आठवणी ठेवून घेतल्या.

२३ जून
ताप. चतुराबाईंनी ऑटोत घालून अंबरपेठच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. भिंतीशी संबंध नसलेल्या वेगळ्या गोळ्या मिळाल्या, सात दिवस न चुकता घ्यायच्या. चतुराबाई म्हणाल्या, पोरी, उद्याच गावी जा. परत आलो तेव्हा सर दारात उभे. नक्को, एवढंच म्हणाले.

२४ जून
पहिली गोळी घेतली. दुपारभर आत कुणीतरी रडत होतं. कानात नाही, छातीत. पुन्हा मारू नकोस म्हणत—

२५ जून
गोळी हातात. घेववत नाही. ती म्हणते, नऊ वर्षं काचेत काढली, आता कुठं—
मी रेणू. मी रेणू. मी

२६ जून
बगारा बैंगन केलं. ह्यांना आवडलं. हौ. चतुरी सारखी रडते, कारण सांगत नाही.

२७ जून
गोळ्या बेसिनमध्ये टाकल्या. खोकला थांबलाय. हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचतायत.
फोन वाजतोय. पडद्यावर 'आई' असं आलंय. कुणाची—