बटन टायर

रामवाडी, पेण
रविवार, सकाळ

प्रिय ऋतुजा,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर मी चावटपणा करत बसतो आणि मुद्दा राहून जातो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. कागदावर निदान खोडता येतं. तुझी आई बरी आहे. काल पुतळीवहिनींनी मला बिरड्याचे वाल सोलायला बसवलं. माझा एक होईस्तोवर त्यांचे दहा झाले. नऊ महिन्यांत तू एकदाही घरी आली नाहीस, हे त्या कुणाला सांगत नाहीत. शेजारच्या रंभाला त्यांनी पुण्याचा घाट बंद आहे म्हणून सांगून ठेवलंय. रंभाचा मुलगा दर शनिवारी त्याच घाटातून येतो.

गाडी माझ्या अंगणात आहे. रोज पुसतो. तू ती दारात आणून उभी केलीस तो दिवस आठवतो. स्वतःच्या पगारातली पहिली मोठी खरेदी, तीही बापासाठी, आणि काय, तर डोंगरात उड्या मारायची मोटारसायकल! बाप रोह्याला कंपनीत शिफ्टला जाणारा, उंची पाच फूट दोन इंच. तू म्हणालीस, पेण ते रोहा हा रस्ता नव्हेच, मग रस्त्याची गाडी कशाला? यात खोट काढणं मलाही जमलं नाही. काळुरामचे पाय काही जमिनीला टेकायचे नाहीत. ओट्यावरून चढायचा. कासूच्या नाक्यावर थांबायचं झालं तर टपरीच्या खांबाला मिठी मारून थांबायचा, आणि टपरीवाला चहा वर नेऊन द्यायचा, कारण हा उतरला तर परत चढवणार कोण? आणि तो आवाज! त्या बटन टायरांचे रबरी ठोकळे मातीत रुतायला केलेले, डांबर लागलं की घूंऽऽ करून गुणगुणायचे. तू सुट्टीला आलीस की वहिनी तुला हलवून उठवायच्या, ‘उठ गो, तुझ्या बापाचा भुंगा आला,’ आणि चहा टाकायच्या. वडखळ सुटलं की ऐकू येतो, अशी त्यांची थाप होती.

मग रस्ता सुधारला. मी वीस वर्षं त्याच्या खड्ड्यांवर जगलो. दर रविवारी पेपरात सदर आणि दर पावसाळ्यात तोच विनोद नव्या कपड्यांत. कासूच्या पुढे सिमेंटचा गुळगुळीत पट्टा झाला तेव्हा मला पोटावर पाय आल्यासारखं वाटलं. त्याच पट्ट्यावर, भुरभुर पाऊस असताना, वळणावर तुझा बाबा घसरला. पुढचं तुला माहीत आहे. तेराव्याला मागच्या दारी पायरीवर बसून तू मला म्हणालीस, ‘काका, गाडी मी दिली. मीच मारलं त्यांना.’ मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काही बोललो नाही. जन्मात पहिल्यांदा पोपट गप्प बसला, आणि नेमका तिथे.

ते आज बोलतो. अपघाताच्या आठ दिवस आधी काळू माझ्याकडे आला होता. ओट्याला गाडी लावून वरूनच म्हणाला, ‘पोपट्या, साहिल मेकॅनिक बोलतो हे टायर चिखलाचे हाईत, वल्या शिमिटावर पकडायचे नाय. पनवेलला चाललोय, रस्त्याचे टाकून येतो. येतोस?’ तो निघाला होता, ऋतू. मी म्हणालो, ‘येड्या, पुढच्या पावसात रस्त्याचा परत चिखल होणार, तेव्हा हेच लागतील.’ तो इतका हसला की खाली पडता पडता राहिला. ‘व्हय, ते पण हाय,’ म्हणाला, चहा प्यायला आणि घरी गेला. तो विनोद मला एवढा आवडला की रविवारच्या सदरात छापला. दवाखान्यात त्याच्या खिशातल्या वस्तू मी सही करून घेतल्या. रुमाल, कंपनीचं कार्ड आणि किल्ली वहिनींना दिली. चौथी वस्तू दिली नाही. ते त्या सदराचं कात्रण होतं, चार घड्या घातलेलं. कंपनीत सगळ्यांना वाचून दाखवायचा म्हणे. तेव्हापासून ते माझ्या खणात आहे आणि सदर बंद आहे. संपादकांना पाठदुखी सांगितलीय. कात्रण या पत्रात घातलंय. वाच. तू गाडी दिलीस यात काही चुकलं नाही. बाप टायर बदलायला निघाला होता, त्याला ओट्यावरून परत फिरवला तो मी. रागवायचं असेल तर इथे येऊन रागव, पत्ता वर आहेच. वहिनींना अजून सांगितलेलं नाही. तू आलीस की तुझ्यासमोर सांगेन, एकट्याला धीर होत नाही. परवा साहिलकडून टायर बदलून घेतले आणि गाडी तुमच्या दारावरून नेली. वहिनी अंगणात वाल निवडत होत्या. गाडीचा आवाजच नाही. त्यांनी मान वर केली नाही.

तुझाच (हे खोडावंसं वाटलं तर खोड),
पोपटकाका