कापलेल्या झाडाची मुळं

चि. तेजश्री,

पॉलिहाऊसमधला टोमॅटो संपला. पंधरा दिवसांपूर्वी सगळी झाडं बुडातून कापली, म्हणजे आधाराच्या सुतळीवरच वाळतात. आज उतरवायला गेलो, तर एक झाड हिरवंगार! बाबांनी वाकून पाहिलं. कापलेलं होतंच, पण मातीला टेकलेल्या खोडाला नवी मुळं फुटलेली.

"आयला, हे जगलं की!" म्हणत ते मटकन खाली बसले. तुझ्या लग्नापासून ज्यांनी घरात तुझं नाव घेऊ दिलं नाही, त्यांनी विचारलं, "तेजूचा नंबर हाय का गं?"

मी इतकी दचकले, की "न्हाई" म्हणून गेले. आपण रोज दुपारी त्यांच्या नकळत फोनवर बोलतो; तरी मी का खोटं बोलले?

ते अजून तिथंच बसलेत. हे पत्र राहू दे. मी फोन घेऊन त्यांच्याकडे जाते. उचल.

तुझी आई